फोनमधला टाइम-लॅप्स आणि दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा

तुमच्या फोनचा कॅमेरा उघडा. फोटो, व्हिडिओ, पोर्ट्रेट अशी जी रांग दिसते ती थोडी पुढे सरकवली की टाइम-लॅप्स हा पर्याय सापडतो. बहुतेक जण तो एकदाच वापरतात. खिडकीतून ढग किंवा रस्त्यावरची ट्रॅफिक शूट करायची, स्टेटसला टाकायची आणि विसरून जायचं. मीही तेच केलं होतं. पण याच युक्तीने आपल्याकडे एका माणसाने घरातल्या कुंडीत वाटाणा पेरून फिल्म बनवली आणि ती चार लोकांना दाखवून पुढच्या पिक्चरसाठी पैसे उभे केले, हे वाचल्यावर माझा त्या मोडकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. साल १९१२. माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचं नाव आपण ऐकतो ते ‘राजा हरिश्चंद्र’साठी आणि त्यांच्या नावाच्या पुरस्कारासाठी. आजचा लेख त्यांच्या आयुष्यावर आहे, पण वाटाण्याच्या बाजूने. कारण भारतीय सिनेमाची पुराणकथा सुरू होण्याआधी तिथे प्राणी होते आणि एक रोप होतं. निसर्गावरच्या फिल्म चार लोकांना एकत्र बसवून दाखवायच्या, ही गोष्ट आपल्याकडे सिनेमाच्या पहिल्या पानावरच आहे.

पिक्चरच्या आधीची चाळीस वर्षं

जन्म ३० एप्रिल १८७०, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित, पुढे मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवायला आले, म्हणून कुटुंब मुंबईत आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छपाई, फोटोग्राफी असं जे मिळेल ते शिकत राहिले.

आजच्या भाषेत सांगायचं तर हा फुल-स्टॅक माणूस. पण एकाही स्टॅकमध्ये पगार टिकत नव्हता. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. पुन्हा स्टुडिओ काढला, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो अशी लोकांची समजूत, त्यामुळे गिऱ्हाईक येईना. मध्येच जादूचे प्रयोग शिकले आणि करूनही दाखवले. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेलं नाव प्रोफेसर केल्फा. फाळके हे नाव उलटं वाचलं की जवळपास हेच होतं. (युजरनेम बनवायची ही पद्धत जुनीच दिसते.)

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई फाळके. पुढच्या सगळ्या गोष्टीत त्या आहेत आणि त्या नसत्या तर गोष्टच नसती, हे आधीच सांगून ठेवतो.

पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीच्या काळात ती सोडली. मग लोणावळ्याला छपाईचा धंदा, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम, रंगीत छपाईचं तंत्र बघायला जर्मनीची वारी. धंदा चालला, पण भागीदारांशी पटेना, म्हणून तोही सोडला. १९११ उजाडलं तेव्हा घरात बायको-मुलं, हातात काम नाही आणि वय चाळीस.

गिरगावातले प्राणी

१४ एप्रिल १९११. फाळके मोठा मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. तिथे लागला होता ‘अमेझिंग अ‍ॅनिमल्स’ नावाचा पट. पडद्यावर प्राणी हलत होते, फिरत होते. घरी येऊन भालचंद्राने आईला सांगितलं की आम्ही भिंतीवर चालणारे प्राणी पाहिले. घरात कोणाचाच विश्वास बसेना.

विश्वास बसावा म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन गेले. पण ईस्टरचे दिवस असल्यामुळे थिएटरने पट बदलला होता. प्राण्यांच्या जागी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म लागली होती. ती आलिस गी या फ्रेंच बाईने १९०६ मध्ये बनवलेली. ख्रिस्ताला पडद्यावर बघताना आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर आणायचे, हे फाळक्यांच्या डोक्यात बसलं. हा दुसरा दिवस सगळ्या पुस्तकांत असतो. पहिला दिवस मात्र बहुतेक जण एका ओळीत उरकतात.

मला तो पहिला दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. माणूस दुसऱ्यांदा थिएटरला गेला तो धार्मिक पट बघायला गेला नव्हता. पोराने सांगितलेलं घरच्यांना खरं वाटावं, म्हणून गेला होता. प्राण्यांची फिल्म एकट्याने बघून भागत नाही, ती दुसऱ्याला दाखवावीशी वाटते. आज आपण वाघाचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करतो तेव्हा हेच करत असतो. फक्त तेव्हा फॉरवर्ड करायला घरातल्या सगळ्यांना घेऊन गिरगावात जावं लागायचं.

डोळे

पुढचं वर्षभर फाळक्यांनी दुसरं काही केलं नाही. मुंबईत लागणारे पट बघायचे, रोज चार-पाच तास. एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं विकत घेतली. रात्री घरी मेणबत्तीचा उजेड भिंगातून टाकून भिंतीवर चित्रं पाडायची. हे कसं हलतं, मधली काळी पट्टी का दिसत नाही, भोकं कशासाठी, हे सगळं उलटं करून शोधायचं. आपण याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो.

झोप नाही, विश्रांती नाही, काळजी भरपूर. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. डॉक्टरी उपचार झाले, वेगवेगळे तीन-चार चष्मे वापरायला लागले, तेव्हा कुठे ते पुन्हा बघू लागले. डोळ्यांनी बघायचाच धंदा करायला निघालेल्या माणसाची ही अवस्था, आणि घरात अजून एक रुपया आलेला नव्हता. मित्र आणि नातेवाईक त्यांना वेडा समजत होते. त्या वेळचा हिशोब मांडला तर त्यांची चूक होती असंही म्हणवत नाही.

बरे झाल्यावर फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट पकडली. तिथे एका सिनेमा साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले. त्याने आधी हा नाद सोडायला सुचवलं, मग मदतही केली. त्याच्या ओळखीने वॉल्टनच्या स्टुडिओत सेसिल हेपवर्थ यांच्याकडे गेले आणि काम कसं चालतं ते बघितलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, ५० पौंडांना. त्याशिवाय कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र. १ एप्रिलला परत मुंबईत.

भोकं पाडायचं यंत्र कशाला? त्या काळी कच्ची फिल्म बऱ्याचदा सपाट पट्टीसारखी यायची. कडेची दातेरी भोकं आपली आपण पाडायची. ती एकसारखी पडली नाहीत तर पडद्यावर चित्र थरथरतं. हे पुढे महत्त्वाचं आहे.

डेमो

आता पैसे हवे होते, मोठा पट बनवण्यासाठी. पण मुंबईत कोण कशाला देईल? फिल्म परदेशातून येते हे लोकांना माहीत होतं. इथे, दादरच्या एका घरात, एक चष्मेवाला माणूस ती बनवू शकेल याचा पुरावा काय?

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही अशा वेळी डेमो बनवतो. पूर्ण प्रॉडक्ट नाही, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे भाग एकदा जोडून चालवून दाखवायचे. फाळक्यांनी हेच केलं. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडं थोडं शूट करत राहिले. बी, अंकुर, रोप, वेल. पडद्यावर हे सगळं साधारण एका मिनिटात होतं. नाव ‘अंकुराची वाढ’.

हे तंत्र फाळक्यांनी शोधलेलं नाही, हेही सांगायला हवं. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या आसपासच झाडांच्या हालचाली अशा पद्धतीने टिपल्या होत्या. लंडनमध्ये पर्सी स्मिथ यांची फुलं उमलतानाची फिल्म १९१० मध्ये लोकांनी पाहिली होती. पण आपल्याकडे हे कोणी केलेलं नव्हतं.

तंत्र थोडक्यात असं. साधं शूटिंग करताना त्या वेळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे, सेकंदाला दोन फेरे. एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला १६. दाखवतानाही तोच वेग, म्हणून पडद्यावर माणूस नेहमीसारखा चालतो. टाइम-लॅप्समध्ये दाखवायचा वेग तोच ठेवायचा, पण टिपताना एक चित्र घेऊन थांबायचं. बराच वेळ गेला की दुसरं. मधला वेळ गायब होतो आणि रोप झरझर वाढताना दिसतं. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना दांड्यासाठी दुसरी खाच असायची, जिथे एका फेऱ्याला एकच चित्र पडायचं. तुमच्या फोनमध्ये हे काम सॉफ्टवेअर करतं. फाळक्यांकडे ते काम फाळके करत होते.

इथे मला एक खटकलेली गोष्ट. या फिल्मबद्दल अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की फाळक्यांनी महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म झाली. जरा गणित करू. रोज एक, तर महिन्याला ३० फ्रेम. सेकंदाला १६ या वेगाने त्या दोन सेकंदांत संपतात. पापणी लवली तर वाटाणा चुकला. उलट बाजूने बघा. एक मिनिट म्हणजे ६० गुणिले १६, म्हणजे ९६० फ्रेम. ३० दिवसांत भागल्या तर रोज ३२. चोवीस तास जागून केलं तर दर ४५ मिनिटांनी एक. फक्त दिवसा उजेडात केलं तर साधारण २२ मिनिटांनी एक. तीस फ्रेमच मिनिटभर ताणल्या तर प्रत्येक चित्र दोन सेकंद थांबेल, मग ती फिल्म न राहता स्लाइड शो होईल. म्हणजे एक तर फिल्म मिनिटभराची नव्हती किंवा रोज एकच फ्रेम नव्हती. दोन्ही एकत्र बसत नाही. मला मिनिटवाली बाजू पटते, कारण दोन सेकंदांच्या डेमोवर कोणी कर्ज देत नाही.

आणि ती बाजू खरी असेल, तर त्या महिन्याचं चित्र बदलतं. दिवसातून तीसेक वेळा कोणीतरी कॅमेऱ्याजवळ जायचं, दांडा एकदाच फिरवायचा, परत यायचं. कॅमेरा हलता कामा नये. कुंडी हलता कामा नये. घरात लहान मुलं आहेत. दांडा थोडा हळू फिरला तर ते चित्र जास्त उजळ, जोरात फिरला तर काळपट, आणि मग पडद्यावर लुकलुक. पाणी घालायचं तर तेही जपून. सगळ्यात भयंकर म्हणजे, नीट येतंय का हे बघायची सोयच नाही. आपण फोनमध्ये लगेच प्ले करून बघतो. त्यांना रीळ पूर्ण झाल्यावर, अंधारात रसायनात धुऊन काढल्यावरच कळणार. कर्जाने आणलेला ५० पौंडांचा कॅमेरा महिनाभर एका कुंडीसमोर अडकलेला. फसलं तर पुन्हा पेरायचं आणि पुन्हा महिना.

पण विषय किती हुशारीने निवडला आहे ते बघा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. ९६० चित्रांना ६० फूट फिल्म लागते. बस. नट नाही, सेट नाही, कपडे नाहीत, उन्हाची चिंता थोडीफार. एवढ्याशा खर्चात कॅमेरा चालतो, भोकं सरळ पडली आहेत, धुणं जमलं आहे, प्रिंट निघते आणि प्रोजेक्टरवर चालते, हे सगळं एकदम सिद्ध होतं. साठ फुटांत त्यांनी रस्त्यावरची ट्रामही टिपू शकले असते. पण ट्राम लोक रोज बघतात. बी फुटताना, वेलीचा तंतू हवेत गोल गोल चाचपडत आधार शोधताना कोणीही पाहिलेलं नाही. ते रोज आपल्या परसात होत असतं, फक्त आपल्या डोळ्यांच्या मानाने फार हळू होतं.

ही फिल्म फाळक्यांनी निवडक लोकांना दाखवली. थिएटर नाही, तिकीट नाही, ओळखीच्या माणसांना बोलावून. त्यांत यशवंतराव नाडकर्णी होते, फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी. वाटाणा वाढताना बघून ते कर्ज द्यायला तयार झाले. तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले. निसर्गावरच्या फिल्मचा छोटा खेळ करून त्यावर मोठ्या कामासाठी पैसे उभे करायचे, हे आज वाघ-माळढोकांसाठी काम करणारी मंडळी करतात. आपल्याकडे त्याची सुरुवात वाटाण्याने झाली असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

तीन रुपयांचा गल्ला

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे म्हणून भराभर सांगतो. दादरच्या घरीच काम सुरू झालं. बाईची भूमिका करायला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. भालचंद्र, तोच प्राणी बघून आलेला मुलगा, रोहिदास झाला. सरस्वतीबाई सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायच्या, रसायनं कालवायच्या आणि रात्री फिल्मला भोकं पाडायच्या. आजच्या क्रेडिटमध्ये त्यांची पाच-सहा नावं तरी लागली असती. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. लांबी ३,७०० फूट.

मुंबईत चालला. पण पट बनवणं अर्धंच काम होतं, दाखवणं उरलेलं अर्धं. बाहेरगावी थिएटरं फारशी नव्हती. तेव्हा फाळके स्वतः प्रोजेक्टर, रिळं आणि माणसं घेऊन निघायचे. जिथे रेल्वे संपेल तिथून पुढे बैलगाडी. कनात लावायची, पडदा बांधायचा आणि खेळ करायचा. लोक जमिनीवर बसून बघायचे. आज एखादी संस्था जंगलाकाठच्या गावात व्हॅनमधून प्रोजेक्टर नेऊन शाळेच्या भिंतीवर बिबट्यावरची फिल्म दाखवते, तेव्हा बैलगाडीच्या जागी व्हॅन आली एवढाच फरक.

सुरतचा किस्सा प्रसिद्ध आहे. पहिल्या दिवशीचा गल्ला तीन रुपये. कारण साधं होतं. लोकांना रात्रभराचं नाटक दोन आण्यांत बघायची सवय, आणि इथे तासाभराच्या खेळाला तीन आणे. थिएटरमालक म्हणाला की दर कमी करा किंवा खेळ लांबवा. फाळक्यांनी दोन्ही केलं नाही. जाहिरात बदलली. तीन आण्यांत ५७ हजार फोटो बघा, दोन मैल लांबीचं चित्र बघा, असा मजकूर छापला. गर्दी झाली आणि गल्ला तीनशेच्या घरात गेला.

हे आकडेही मी तपासले, सवय जात नाही. ३,७०० फूट गुणिले १६, म्हणजे ५९,२००. फोटोंचा आकडा जवळजवळ खरा आहे, उलट थोडा कमीच सांगितला. लांबीत मात्र बरीच हवा भरली आहे. ३,७०० फूट म्हणजे सव्वा किलोमीटरही नाही, दोन मैल म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. मेगापिक्सेल बघून फोन घेणाऱ्या आपण लोकांनी सुरतकरांना हसू नये.

पण किंमत फोटोंच्या संख्येत सांगायची कल्पना कुठून आली असेल, याचा मी विचार करतो. ज्याने महिनाभर एकेक फ्रेम मोजून दांडा फिरवला आहे, त्याला पट म्हणजे फोटोंची मोजलेली रांगच दिसणार. वाटाण्याचं गणित सुरतेत कामाला आलं असा माझा अंदाज आहे.

एकेक फ्रेमचा माणूस

फाळके १९१३ मध्येच बिऱ्हाड घेऊन नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’ असे पट एकामागून एक आले. ‘लंका दहन’ने १९१७ मध्ये इतका पैसा मिळवला की नाण्यांची पोती गाडीतून न्यावी लागल्याच्या गोष्टी अजून सांगतात.

मोठ्या पटांच्या आगेमागे ते छोट्या फिल्मही करत राहिले आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. वेरूळची लेणी, नाशिकचा सिंहस्थ, चित्रपट कसा बनतो हे दाखवणारी फिल्म (आजचा बिहाइंड द सीन्स व्हिडिओ). ‘आगकाड्यांची मौज’ या फिल्ममध्ये काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार घेतात. युक्ती वाटाण्याचीच. एक चित्र घ्यायचं, काडी हाताने थोडी सरकवायची, पुन्हा एक चित्र. वाटाणा स्वतः सरकत होता, काडीला सरकवावं लागायचं. याला आज आपण स्टॉप मोशन म्हणतो.

मग पैसेवाले भागीदार आले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भागीदारांशी खटके उडाले आणि लोणावळ्याची गोष्ट पुन्हा झाली. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, मग परत कंपनीत आले. पण पहिली मजा राहिली नाही. बोलपट आले आणि त्यांच्या तंत्राचं वय झालं. शेवटचा मोठा पट ‘गंगावतरण’, १९३७. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले. ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला, त्यातून त्यांच्याजवळ पैसा उरला नव्हता.

फिल्मही फारशा उरल्या नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते आणि नुसती ठेवली तरी कुजते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तीसुद्धा १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. ‘अंकुराची वाढ’ आपल्याला बघता येत नाही. साठ फूट फिल्म, हरवायला किती वेळ लागतो? माझ्या जुन्या फोनमधले कॉलेजचे व्हिडिओ बॅकअपअभावी एका दुपारीत गेले, तेव्हा मला तर बोलायचा अधिकारच नाही.

घरी करून बघायचं असेल तर

गेल्या पावसाळ्यात मी हे केलं. जुना फोन, स्टँड, चार्जर कायम लावलेला, एक कुंडी आणि किराणा दुकानातले सुके हिरवे वाटाणे. काही गोष्टी चुकून शिकलो, त्या सांगतो.

फोनचा नेहमीचा टाइम-लॅप्स मोड यासाठी चालत नाही, कारण तो काही सेकंदांच्या अंतराने चित्रं घेतो आणि काही तासांत मेमरी किंवा बॅटरी मान टाकते. ठरावीक वेळेने फोटो काढणारं अ‍ॅप घ्या, प्ले स्टोअरवर इंटर्व्हल कॅमेरा म्हणून शोधलं तर मिळतं. दर १५ मिनिटांनी एक फोटो ठेवला तर दिवसाला ९६. वीस दिवसांत १,९२०. आजच्या सेकंदाला ३० या वेगाने चौसष्ट सेकंदांची फिल्म. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येईल आणि फाळक्यांसारखीच लुकलुक मिळेल. खिडकीचं ऊन बंद करून एकच एलईडी दिवा लावला तर उत्तम, फक्त रोपाला दिवसातून काही तास अंधार मिळू द्या आणि अंधारातले फोटो नंतर काढून टाका. शेजारी एक काडी रोवा. आधार नसेल तर वेल आडवी पडते आणि फ्रेमबाहेर जाते.

माझी पहिली फिल्म नवव्या दिवशी संपली. आईने घर झाडताना कुंडी उचलून परत ठेवली, चार बोटं डावीकडे. व्हिडिओत रोप अचानक उडी मारतं. दुसऱ्या वेळी भिंतीवर चिठ्ठी लावली.

ती दुसरी फिल्म आमच्या सोसायटीच्या गणपतीत दाखवली. मुलांच्या कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं मिळाली होती, ऑफिसातून मागून आणलेला प्रोजेक्टर, पडदा म्हणून पांढरी चादर. पन्नासेक माणसं असतील. अंकुर मातीतून डोकं काढतो तिथे पोरं ओरडली. मग तंतू हवेत फिरायला लागला, एकदा काडीला चाटून गेला, परत आला आणि तिला धरलं. चौसष्ट सेकंद संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा लावावी लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, की हे कुठल्या दुकानातले वाटाणे, आमच्याकडे तर कधी उगवत नाहीत.